कुलगुरूंच्या नावापुढचं ‘कै.’

“हा लाल गोल कुणी केला?” प्रा. धारूरकरांनी प्रूफ माझ्या टेबलावर आपटलं.

“मी.”

“का?”

“माणूस जिवंत आहे, सर.”

धारूरकर सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. गोलात फक्त एक अक्षर होतं आणि एक टिंब. ‘कै.’

मी सोलापुरातल्या एका छापखान्यात प्रूफरीडर आहे. आमच्याकडे कंपोझिटर शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवतो. त्या जुळणीवर शाई फिरवून एक कच्चा कागद काढतात, ते प्रूफ. त्यातल्या चुका मी शोधायच्या आणि समासात लाल खुणा करायच्या. शंका असेल तिथं गोल करून प्रश्नचिन्ह. सगळं दुरुस्त झालं की शेवटच्या प्रूफावर ‘छापा’ असं लिहून सही करायची. ती सही नसेल तर आमचं मशीन फिरत नाही. मालक मल्लिनाथअण्णांनी हा नियम केला, कारण माझ्या आधीच्या माणसाच्या हातून एका लग्नपत्रिकेत वराच्या जागी वधूच्या मामाचं नाव छापून गेलं होतं.

तर हे प्रूफ विद्यापीठाच्या कामाचं होतं. आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. विद्यापीठ दूर, दुसऱ्या जिल्ह्यात. सोलापुरात त्याचं पदव्युत्तर केंद्र. केंद्राला नवी इमारत झाली होती आणि उद्घाटनाला खुद्द कुलगुरू येणार होते. त्या दिवशी एक पुस्तिका प्रकाशित व्हायची होती, ‘कुलगुरुपदाचा इतिहास’. संपादक धारूरकर सर.

कुलगुरू म्हणजे विद्यापीठ प्रत्यक्ष चालवणारा माणूस. त्याच्या वर कुलपती असतात, म्हणजे राज्यपाल, पण ते पदवीदानापुरते. पूर्वी कुलगुरूंना उपकुलगुरू म्हणत. मध्यंतरी नाव बदललं. ‘उप’ गेला आणि रुबाब वाढला. धारूरकर सरांनी हस्तलिखितभर जुन्या लोकांचे ‘उप’ खोडायला लावले होते. तेही काम माझ्याकडंच.

इतिहास म्हणावा असं त्यात काही नव्हतं. पहिल्या कुलगुरूंनी मुख्य इमारत बांधली. दुसऱ्यांनी वसतिगृह. चौथ्यांनी पाहुण्यांसाठी गेस्टहाउस. पाचवे, म्हणजे सध्याचे, यांनी प्रवेशद्वाराची कमान. प्रत्येकाला तीन-चार पानं आणि कोनशिलेचा फोटो. मला वाचताना वाटलं, हा कुलगुरूंचा इतिहास आहे की गवंड्यांचा? आणि गवंड्यांचा असेल तर त्यांची नावं कुठं आहेत?

तिसऱ्या कुलगुरूंना दोन ओळी होत्या. ‘कै. डॉ. चनबसप्पा मंगरुळे हे तिसरे कुलगुरू. त्यांनी वैयक्तिक कारणास्तव मुदतीपूर्वी पद सोडले.’ बास. त्यांनी इमारत बांधली नव्हती ना.

“सर, मंगरुळे सर बाळीवेशीत राहतात,” मी म्हटलं. “मागच्या आठवड्यात मी त्यांना शेंगाचटणी घेताना पाहिलं. तिखट जास्त घाला म्हणत होते. गेलेला माणूस असं म्हणत नाही.”

“अगं, मी स्वतः ट्रंककॉल लावला होता विद्यापीठात! जुने हेडक्लार्क होते फोनवर. मी विचारलं, मंगरुळे साहेबांचं काय? ते म्हणाले, ते कधीच गेले.”

“खुर्ची सोडून गेले, असं म्हणाले असतील.”

मागं खिळे टाकायचा आवाज चालू होता, तो थांबला. कंपोझिटरला हसू येत होतं.

खरं सांगते, इथपर्यंत माझा राग नव्हता. चूक होते. ‘गेले’ या शब्दानं मराठी माणूस रोज फसतो. ऑफिसात साहेब गेले म्हटलं की शिपायाला विचारावं लागतं, घरी का वर. मला वाटलं सर आता कपाळावर हात मारतील आणि म्हणतील, काढ ते.

ते म्हणाले, “मग आता मोठीच पंचाईत झाली.”

“कसली?”

“हयात माजी कुलगुरूंना निमंत्रण असतं. व्यासपीठावर खुर्ची, शाल, नारळ. निमंत्रणं गेली, खुर्च्या ठरल्या. आता ऐनवेळी एक जिवंत माणूस आणू कुठून?”

“आणायचा कशाला, सर? तो आहेच.”

“तू शुद्धलेखन बघ,” सर म्हणाले. मग आवाज खाली आणून पलीकडं बसलेल्या अण्णांना म्हणाले, “आणि मंगरुळे व्यासपीठावर आले तर ते बहिःस्थांचं काढणार. कुलगुरू साहेबांना ते चालायचं नाही.”

इथं माझा राग सुरू झाला. तो का, हे सांगायलाच हवं.

बहिःस्थ म्हणजे जो कॉलेजात न बसता बाहेरून परीक्षा देतो. दिवसभर काम करायचं, घरी अभ्यास करायचा, एप्रिलमध्ये पेपर लिहायचा. ही परीक्षा आमच्या विद्यापीठात सुरू केली ती मंगरुळे सरांनी. मी तशीच बी.ए. झाले. माझा थोरला भाऊ नरसय्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतो. त्याची दोन वर्षं झाली होती, शेवटचं राहिलं होतं. आमच्या घरात बापापासून सगळे मागावरच. आणि सध्याच्या कुलगुरूंनी जाहीर केलं होतं की बहिःस्थ परीक्षा बंद करण्याचा विचार चालू आहे. का? तर दर्जा. नरसय्याचं शेवटचं वर्ष त्या एका शब्दात अडकलं होतं.

आम्ही कृती समिती काढली होती. पत्रकं मीच लिहायची. आणीबाणीत सायक्लोस्टाइलवर लिहायला शिकले, तीच सवय. आमच्या पत्रकाचा मथळा होता, ‘दर्जा कुणाचा? कमानीचा का माणसाचा?’ अण्णांना हे सगळं माहीत होतं.

सर गेल्यावर अण्णा म्हणाले, “सरोजा, बाहेर काय वाटायचं ते वाट. हितं टेबलावर बसलीस की ऱ्हस्व-दीर्घ बघ. विद्यापीठाचं काम हाय हे. लई मुश्किलीनं मिळालंय.”

“अण्णा, जिवंत माणसाला मेला म्हणणं ऱ्हस्व आहे का दीर्घ?”

“लई शानी झालीस की गं तू,” अण्णा म्हणाले. पण ‘काढ गोल’ असं म्हणाले नाहीत.

शंका आली तर विचारून खात्री करायची, हे माझं काम. प्रूफ घेऊन मी बाळीवेशीत गेले.

मंगरुळे सर धोतर आणि अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर ओट्यावर बसून लसूण सोलत होते. त्यांनी हात पुसले आणि प्रूफ वाचलं. दोनच ओळी, पण बराच वेळ वाचलं.

“दोन चुका आहेत,” ते म्हणाले.

“एक मला कळली, सर. तुम्ही आहात.”

“ती पहिली. दुसरी म्हणजे आमच्यात कै. लावत नाहीत. लिं. लावतात, लिंगैक्य. म्हणजे मी मेलो असतो तरी चूकच होती.” मग आत तोंड करून ओरडले, “ऐकलं का? विद्यापीठानं मला कैलासाला पाठवलं!”

आतून काकूंचा आवाज आला, “जाताना पिशवी घेऊन जावा. येताना कोथिंबीर आणा.”

मी हसले. पण लगेच विचारलं, कारण मी हसायला आले नव्हते. “सर, वैयक्तिक कारण काय होतं?”

“माझं? माझी तब्येत उत्तम होती. मुलं नोकरीला होती. वैयक्तिक काहीच नव्हतं.” त्यांनी लसणाची पाकळी उचलून परत ठेवली. “कार्यकारी मंडळ म्हणालं, मिलमधली माणसं परीक्षेला बसली तर पदवी हलकी होईल. मी विचारलं, पेपर तोच, तपासणारे तेच, मग हलकी कशी? म्हणाले, त्यांची हजेरी नसते. मी म्हटलं, हजेरी असते, मिलच्या गेटवर असते, तिथं जाऊन बघा. ते ऐकेनात. मी राजीनामा समोर ठेवला आणि म्हटलं, यंदाची परीक्षा जाहीर करून चाललोय. बंद करायची तर पेपरात छापून, नाव लावून करा. राजीनामा त्यांनी लगेच घेतला. परीक्षा बंद करायची मात्र कुणाची छाती झाली नाही.”

“आता होतेय.”

“वाचलं मी तुमचं पत्रक. मथळा बरा होता. आत उद्गारचिन्हं फार होती.”

“सर, तुम्ही कार्यक्रमाला या. बोला.”

“बोलावल्याशिवाय?” ते म्हणाले. “खुर्ची सोडली की सोडली, पोरी. सोडलेल्या दाराशी पुन्हा जाऊन उभं राहायचं नसतं.”

मला राग आवरत नाही. चळवळीतल्या लोकांनी मला हे अनेकदा सांगितलंय. मी म्हटलं, “तुम्ही खुर्ची सोडली ते मोठंच केलंत. पण त्यानंतर गप्प बसलात. म्हणून दोन ओळींत आटोपलात. तुम्हाला दोन ओळी पुरत असतील, माझ्या भावाचं अख्खं वर्ष जातंय.”

सर परत लसूण सोलू लागले. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या कप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी चहा न घेताच उठले. सोलापुरात ह्यापेक्षा मोठं भांडण नसतं.

शेवटचं प्रूफ निघालं त्या दिवशी धारूरकर सर स्वतः छापखान्यात आले. गाडी येऊन पुस्तिका घेऊन जाणार होती. मशीनवर कागद चढला होता.

“बरं, काढ ते कै.,” सर म्हणाले. “मी काही राक्षस नाही. पण खुर्चीचं बोलू नकोस. आणि लिही ‘छापा’.”

मी ‘कै.’वर काढून टाकायची खूण केली. ती एक वेटोळ्याची शेपटी असते, शाळेत मास्तर शून्याला काढतात तशी. मग तीच खूण ‘वैयक्तिक कारणास्तव’वर केली.

“ते का?”

“खोटं आहे. मी विचारून आले.”

“तो मजकूर आहे. मजकूर संपादकाचा. प्रूफरीडरनं शुद्धलेखन बघावं.”

“खोटं छापणं हेच सगळ्यात मोठं अशुद्धलेखन, सर.”

“मल्लिनाथ!” सर अण्णांकडे वळले. “ही मुलगी तुमच्याकडे नोकरी करते का तुम्ही हिच्याकडे?”

अण्णांचा चेहरा पडला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. आता ते माझ्या हातातली पेन्सिल घेणार, ‘छापा’ लिहिणार आणि उद्या मला येऊ नकोस म्हणणार. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. आम्हा पत्रकवाल्यांकडे उत्तर नेहमी तयार असतं.

अण्णा म्हणाले, “सर, हिची सही न्हाई तर मशीन न्हाई. नियम माझाच हाय. आज मोडला की उद्या पत्रिकेत परत मामा बोहल्यावर उभा राहतोय.”

“म्हणजे?”

“म्हणजे दोन शब्दच हायेत की. काढा. वळ बारकी हुईल, पण बिघडत न्हाई काय.”

धारूरकर सरांनी ती ओळ वाचली. ‘त्यांनी मुदतीपूर्वी पद सोडले.’ मग म्हणाले, “पण का सोडले, ते लिहिणार नाही.”

“लिहू नका,” मी म्हटलं. “वाचणारा विचारेल.”

मी सही केली. समाधानानं नाही, रागानंच केली. सबंध आयुष्याचं भांडण दोन शब्द काढण्यावर मिटवायचं, ह्याला तडजोड म्हणतात आणि तडजोडीबद्दल मी आजवर एकही चांगलं पत्रक लिहिलेलं नाही.

उद्घाटनाला नव्या इमारतीपुढं मांडव होता. नरसय्या आणि त्याच्याबरोबरची बहिःस्थ मंडळी पाळी सुटल्यावर सायकली मारत थेट आली होती. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू तसेच. त्यांना कुलगुरूंना निवेदन द्यायचं होतं. स्वयंसेवकांनी सांगितलं, साहेबांना वेळ नाही, मागं बसा. मागं तर मागं. मी पुस्तिकांचे गठ्ठे घेऊन आले होते, त्यामुळं बाजूलाच उभी होते.

आणि मग मला दिसलं की मागच्या खुर्च्यांवर, नरसय्याच्या शेजारी, काळा कोट आणि टोपी घालून मंगरुळे सर बसलेत. निमंत्रण नव्हतं. कुणी स्वागतही केलं नव्हतं. मी जवळ गेले आणि गठ्ठ्यातली एक पुस्तिका त्यांच्या हातात दिली. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्या दिवशी चहा टाकून गेलीस. ही अजून बोलतेय मला.”

सूत्रसंचालन धारूरकर सरांकडे होतं. त्यांच्या हातात टाइप केलेले कागद होते. पुस्तिकेतलं ‘कै.’ मी काढलं होतं, पण ते कागद आधीच टाइप झालेले. विसरले म्हणतात. मीही विसरलेच म्हणते, दुसरं सिद्ध करता येत नाही.

सर माइकवर म्हणाले, “विद्यापीठाच्या उभारणीत ज्यांनी योगदान दिलं, ते तिसरे कुलगुरू कैलासवासी डॉ. चनबसप्पा मंगरुळे यांना आपण सर्वांनी उभं राहून श्रद्धांजली वाहू या.”

खुर्च्या कर्रकन सरकल्या. व्यासपीठ उभं राहिलं. पुढच्या रांगा उभ्या राहिल्या. कुलगुरूंनी मान खाली घातली.

मंगरुळे सर बसून राहिले.

नरसय्या अर्धा उठला होता. त्यानं शेजारी पाहिलं आणि परत खाली बसला. त्याच्या पलीकडचा बसला. मग त्याच्या पलीकडचा. बघता बघता मागचा सगळा मांडव बसला.

एक स्वयंसेवक धावत आला. दबक्या आवाजात ओरडला, “उठा की! श्रद्धांजली आहे, लाज नाही वाटत?”

नरसय्याचा आवाज मागाच्या खडखडाटात कमावलेला आहे. त्याला दबकं बोलता येत नाही. तो म्हणाला, “कुणाला श्रद्धांजली? ते हितं बसल्यात की!”

सगळा मांडव मागं वळला. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग कुणालाच आवरेना. धारूरकर सर कागद चाळत होते, जणू पुढच्या पानावर मंगरुळे सर जिवंत निघतील.

मंगरुळे सर उठले. श्रद्धांजली संपल्यावर उठले, हे मुद्दाम सांगते. आता त्यांना वर बोलावण्यावाचून इलाज नव्हता. ते चढून गेले. खुर्ची नव्हतीच. ते माइकपाशी उभेच राहिले.

“विद्यापीठानं माझी आठवण काढली, आभारी आहे,” ते म्हणाले. “ही पुस्तिका मी आत्ताच चाळली. त्यात लिहिलंय, मी मुदतीपूर्वी पद सोडलं. का, ते लिहायला जागा कमी पडलेली दिसते. म्हणून सांगतो. बहिःस्थ परीक्षेसाठी सोडलं. माझ्या वेळी इमारत झाली नाही, मागं बसलेत ते लोक झाले.” मग ते कुलगुरूंकडे वळले. “परीक्षा बंद करायची असेल तर इथं, ह्या लोकांसमोर, स्वतःच्या नावानं सांगा. मी माझ्या वेळी एवढंच मागितलं होतं. आजही तेवढंच मागतो.”

कुलगुरू हुशार माणूस. हसून म्हणाले, “या संदर्भात सर्व बाजूंनी योग्य तो विचार...”

“व्हय का न्हाय, तेवढं सांगा साहेब!” मागून नरसय्या.

कुलगुरूंनी पुढच्या रांगेतल्या पत्रकारांकडे पाहिलं. ते वह्या काढून बसले होते. “यंदाची परीक्षा होईल,” ते म्हणाले.

यंदाची. पुढच्या वर्षाचं बोलले नाहीत. मी तो शब्द टिपून घेतला आणि दुसऱ्या दिवशीच्या पत्रकाचा मथळा केला. ह्या वेळी उद्गारचिन्ह एकच घातलं.

परीक्षा झाली. नरसय्या थर्ड क्लासमध्ये पास झाला. घरात कुणी त्याला थर्ड म्हणालं नाही, क्लास म्हणाले. परीक्षा त्यानंतरही चालू आहे. दर वर्षी ‘बंद’ची बातमी येते, दर वर्षी आम्ही सायकली काढतो. हक्क एकदा मिळाला की मिळाला, असं कुणी सांगत असेल तर त्यानं मागच्या खुर्च्यांवर येऊन बसावं.

विद्यापीठाचं पुढचं काम आमच्याकडे आलं नाही. अण्णांनी मला एवढंच सांगितलं, “काम गेलं.” नियम मात्र तसाच आहे. मंगरुळे सरांनी नातीच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडेच छापायला दिली. प्रूफ बघायला स्वतः आले. निमंत्रकांत आपलं नाव शोधलं, त्याच्यापुढची जागा कोरी आहे ह्याची खात्री केली आणि म्हणाले, “लिं. पण नको. एवढ्यात नको.” त्या दिवशी मी चहा घेतला. अण्णांच्या पैशानं.

ह्या प्रकरणातून मी धंद्यातली एकच गोष्ट शिकले. प्रूफात ‘गेले’ हा शब्द दिसला की त्याच्याभोवती लाल गोल करते आणि समासात लिहिते: कुठं? कुणी पाठवलं?